एका सेविकेकडे किती मुलं?

जानेवारी २००३ मध्ये न्यू जर्सीतल्या न्यूअर्क शहरात, एका घराच्या तळघरात सात वर्षांच्या मुलाचा मृतदेह सापडला. त्याची दोन भावंडं त्याच तळघरात उपाशी, कोंडलेल्या अवस्थेत मिळाली होती. राज्याच्या बालसंरक्षण विभागाला हे कुटुंब अनोळखी नव्हतं. तक्रारी आल्या होत्या, फाइल उघडली गेली होती आणि पुढे ती बंदही झाली होती. अशा वेळी लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ती फाइल कुणाकडे होती? या विभागाविरुद्ध १९९९ पासून चालू असलेल्या दाव्यामुळे मात्र न्यायालयासमोर दुसरा, जास्त कामाचा प्रश्न आला: त्या टेबलावर आणखी किती फाइली होत्या? २००३ मध्ये झालेल्या आणि २००६ मध्ये सुधारलेल्या तडजोडीत या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत लिहून ठेवलं गेलं. मुलांच्या कायमच्या घराची सोय पाहणाऱ्या कर्मचाऱ्याकडे १५ पेक्षा जास्त कुटुंबं नकोत आणि आईबापांपासून दूर ठेवलेली १० पेक्षा जास्त मुलं नकोत. तक्रारींची चौकशी करणाऱ्याकडे महिन्याला ८ पेक्षा जास्त नवी प्रकरणं नकोत. दर पाच कर्मचाऱ्यांमागे एक पर्यवेक्षक हवाच. या अटी पाळल्या जातात की नाही, यावर न्यायालयाची देखरेख २०२३ पर्यंत राहिली. २००३ मध्ये राज्यात आईबापांपासून दूर, दुसऱ्या घरी ठेवलेली मुलं १२ हजारांहून अधिक होती. देखरेख संपली तेव्हा ती सुमारे तीन हजारांवर आली होती. या घटीचं सारं श्रेय फाइलींच्या मर्यादेला देता येणार नाही. धोरणं बदलली, कुटुंबाला घरातच मदत पोचवण्यावर भर आला. पण ती मदत घेऊन दारात जाणाऱ्या माणसाला आधी वेळ मिळावा लागतो, आणि तो वेळ त्या मर्यादेने दिला.

समाजसेवेच्या संस्थेतलं कामाचं वातावरण हा संस्थेचा घरगुती मामला आहे, असं आपण धरून चालतो. पगार, रजा, वरिष्ठांची वागणूक, कामाची वाटणी हे आतले विषय. बाहेर जी पोचते ती सेवा. ही वाटणीच मुळात चुकीची आहे. कारखान्यात खराब वातावरणातही स्क्रू नीट बनू शकतो, कारण स्क्रू बनवणारा आणि स्क्रू वेगळे असतात. मारहाणीतून सुटून आलेल्या बाईशी बोलणारी कार्यकर्ती आणि तिची सेवा यांत असं अंतर नसतं. तिला ऐकून घ्यायला उसंत नसेल, चुकलं तर विचारायला कुणी नसेल, तर तेवढ्यापुरती सेवाच नसते. चार्ल्स ग्लिसन आणि अँथनी हेमेलगार्न यांनी टेनेसी राज्यात २४ काउंटींमधल्या ३२ सरकारी बालसेवा कार्यालयांचा आणि तिथून मदत मिळालेल्या २५० मुलांचा अभ्यास केला. तो १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांच्या मानसिक आणि सामाजिक स्थितीत सुधारणा कुठे दिसली? जिथे कर्मचाऱ्यांना आपली जबाबदारी स्पष्ट होती, आपसांत सहकार्य होतं, भांडणं कमी होती आणि समोरच्या मुलाचा माणूस म्हणून विचार होत होता, तिथे. त्या अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष प्रशासकांना पचायला जड आहे. निरनिराळ्या संस्थांमध्ये समन्वय वाढवण्यासाठी जे उपाय केले होते, त्यांनी सेवेचा दर्जा वाढला नाही, उलट घसरला. वरून समित्या आणि बैठका वाढवल्या म्हणून कार्यालयातलं वातावरण सुधारत नाही, आणि ते सुधारलं नाही तर मुलापर्यंत काही पोचत नाही.

माणसं सोडून जातात तेव्हा काय होतं, याचा आकडा मिलवॉकीतून आला. २००५ मधल्या तिथल्या एका आढाव्यात दिसलं की ज्या मुलाचा कर्मचारी एकदाही बदलला नाही, त्याला ठरावीक काळात कायमचं घर मिळण्याचं प्रमाण ७४.५ टक्के होतं. दोन कर्मचारी झाले की ते १७.५ टक्क्यांवर आलं, तीन झाले की ५.२ टक्क्यांवर. हा आकडा अमेरिकेत फार उद्धृत होतो, आणि त्यावरचा आक्षेपही रास्त आहे. ज्या मुलाचं प्रकरण मुळातच गुंतागुंतीचं, ते जास्त दिवस रेंगाळणार आणि त्या दिवसांत कर्मचारीही जास्त बदलणार. म्हणजे इथे कारण आणि परिणाम काही अंशी एकमेकांत मिसळलेले आहेत. ते मान्य केलं तरी एक गोष्ट उरते. नवा माणूस आला की मुलाने आपली कहाणी पुन्हा सांगायची, न्यायालयात तारीख पुढे ढकलायची, विश्वास पहिल्यापासून जमवायचा. मूळ प्रकरण कितीही अवघड असो, हे नुकसान त्यात भरच घालतं.

यावर आपल्याकडचा सर्वांत जुना आक्षेप म्हणजे सेवाभाव. समाजकार्य ही नोकरी नव्हे, व्रत आहे. ज्याला सोयी हव्यात त्याने दुसरीकडे जावं. या म्हणण्यामागे त्यागाबद्दलचा खरा आदर आहे, म्हणून ते झटकून टाकता येत नाही. पण ‘बर्नआउट’ या शब्दाचा जन्म कुठे झाला ते पाहा. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये तो माणसांच्या थकव्यासाठी वापरला तो न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्याच्या अनुभवावरून. तिथली बरीच मंडळी मोबदल्याशिवाय राबणारी होती, आणि फ्रॉइडेनबर्गर यांच्या निरीक्षणात सर्वांत आधी विझत होते ते सर्वांत जीव ओतणारे. सेवाभाव हे इंधन आहे, आणि इंधन कितीही चांगलं असलं तरी पुन्हा भरावं लागतं. व्रताची भाषा वापरून संस्था तेच टाळतात. शिवाय व्रताची भाषा बोलणारे बहुतेकदा संचालक मंडळात असतात, आणि व्रत पाळणाऱ्या बहुतेकदा कमी पगारावरच्या बायका असतात.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो थेट मराठी देणगीदारांपर्यंत येतो. अमेरिकेतल्या मराठी घरांतून देणग्या सढळ हाताने दिल्या जातात. न्यू जर्सीत १९८५ पासून दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करणारी ‘मानवी’ असो किंवा महाराष्ट्रातली एखादी शाळा, चेक लिहिताना एक प्रश्न हमखास येतो: यातलं कार्यालयीन खर्चात किती जातं? उत्तर जितकं शून्याच्या जवळ, तितका देणारा समाधानी. भावना प्रामाणिक आहे. घामाचा पैसा खुर्च्या-टेबलांवर उधळला जाऊ नये, हे कुणालाही वाटेल, आणि तसे उधळणारेही असतात. पण पर्यवेक्षकाचा पगार, प्रशिक्षण, हिशेबनीस, रात्री एकटीने घरभेटीला जाणाऱ्या कार्यकर्तीसाठी जोडीदार, हे सगळं त्याच रकान्यात पडतं. २०१३ मध्ये गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या देणगीदारांना माहिती पुरवणाऱ्या तीन संस्थांनीच जाहीर पत्र काढून सांगितलं की एवढ्या एका टक्केवारीवरून संस्थेचं काम जोखू नका. अमेरिकी सरकारनेही २०१४ च्या नियमांत आपल्या अनुदानातून अशा खर्चासाठी किमान १० टक्क्यांची तरतूद केली आणि २०२४ मध्ये ती १५ टक्क्यांवर नेली.

शिकागोच्या हल हाउसची गोष्ट इथे आठवावी. जेन अॅडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी सप्टेंबर १८८९ मध्ये सुरू केलेलं हे सेवाघर अमेरिकी समाजकार्याचं आद्यपीठ मानलं जातं. जानेवारी २०१२ मध्ये त्या परंपरेतली सेवासंस्था दिवाळखोरीत गेली, आणि आधी जाहीर केलेल्या मुदतीपूर्वीच बंद झाली. सुमारे ३०० कर्मचारी एका शुक्रवारी घरी गेले. तिचं उत्पन्न बहुतांशी सरकारी कंत्राटांतून येत होतं, आणि सेवेचा पूर्ण खर्च त्यातून भागत नव्हता. आज मूळ हल हाउसमध्ये वस्तुसंग्रहालय आहे, विद्यापीठाने जपलेलं.

हल हाउस उघडलं त्याच वर्षी, सहा महिने आधी, मुंबईत पंडिता रमाबाईंचं शारदा सदन उघडलं. त्याचा पैसा अमेरिकेतून आला होता. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने शाळेला १० वर्षं आधार देण्याचं वचन दिलं होतं. शिक्षिकेचा पगार पुढच्या वर्षी निघेल की नाही, ही टांगती तलवार त्यामुळे दूर राहिली. आज अमेरिकेतल्या मराठी मंडळांचे आणि प्रतिष्ठानांचे पैसे उलट दिशेने जातात आणि बरेचदा एका वर्षाच्या, एका प्रकल्पाच्या हिशेबाने. मुदत तीन वर्षांची करता येईल. पर्यवेक्षकाचा पगार त्यात उघडपणे धरता येईल. लहान संस्था म्हणतील की एका कार्यकर्तीकडच्या कुटुंबांची मर्यादा पाळायची तर दारात आलेल्या कुणाला तरी थांबवावं लागेल, आणि ते खरं आहे, दुखणारं आहे. अशा थांबलेल्यांच्या प्रतीक्षायादीचा आकडाही देणगीच्या अर्जात मागवावा, म्हणजे आणखी एक कार्यकर्ती नेमायला किती पैसे लागतील ते देणाऱ्याला कळेल. कार्यालयीन खर्चाच्या टक्केवारीचा रकाना राहू द्यावा, पण त्याच्या वर दुसरा असावा: तुमच्या एका कार्यकर्तीकडे सध्या किती कुटुंबं आहेत, आणि ती तुमच्याकडे किती वर्षं टिकून आहे?