शब्दविचार : 'टेक् ऑफ्'चें कोडें

स्पेनमध्यें काय किंवा मेक्सिकोंत काय, स्पॅनिश मातृभाषा असलेला विद्यार्थी इंग्रजी शिकूं लागला म्हणजे भारदस्त शब्दांना तो सहसा भीत नाहीं. स्पॅनिश ही लॅटिनची कन्या. इंग्रजीनेंही लॅटिनकडून पुष्कळ उचल केलेली. त्यामुळें असे शब्द त्याला नात्यांतलेच वाटतात. त्याची खरी अडचण होते ती 'टेक्'सारख्या लहानशा क्रियापदाला 'ऑफ्'सारखें शेपूट जोडलें जातें तेव्हां. 'टेक्' म्हणजे घेणें, 'ऑफ्' म्हणजे दूर; परंतु दोहोंची बेरीज करून अर्थ हातीं येईलच असें नाहीं.

अंगांतला कोट काढला तरी 'टेक् ऑफ्', आणि विमानानें जमीन सोडली तरीही 'टेक् ऑफ्'च! स्पॅनिशांत पहिल्यास 'कितार्से' व दुसऱ्यास 'देस्पेगार' म्हणतात. दुकानदारानें किंमत उतरविली तर 'रेबाहार', कोणाची नक्कल केली तर 'इमितार', एखादा घाईनें निघून गेला तर 'मार्चार्से'. धंदा एकाएकीं भरभराटीस आला, तर मात्र दोन्ही भाषा विमानाच्याच शब्दाचा आश्रय घेतात.

असें कां व्हावें? अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ लिओनार्ड टाल्मी यांनीं १९८५ सालच्या आपल्या निबंधांत यासंबंधीं मार्मिक विवेचन केलें आहे. स्पॅनिशमध्यें गतीची दिशा क्रियापदाच्या पोटांतच असते. इंग्रजी ती बाहेरच्या छोट्या शब्दावर सोंपविते. इंग्रज 'आंत धांवला' म्हणेल, तेथें स्पॅनिश मनुष्य 'धांवत शिरला' म्हणेल. आपली मराठीही येथें स्पॅनिशच्याच पंक्तीला बसते.

या अडचणींतून विद्यार्थी एक पळवाट काढतो. 'टेक् ऑफ्' टाळून तो 'रिमूव्ह' म्हणतो. व्याकरण चुकत नाहीं; पण घरगुती बोलण्यास सरकारी जाहीरनाम्याचा वास येतो. शिवाय बोलतांना पळवाट निघते, ऐकतांना निघत नाहीं. मालक 'उद्यांचा दिवस टेक् ऑफ् करा' म्हणाला, तर आपणांस रजा मिळाली, हें नवख्या नोकरास कळावयास नको काय?

आमच्या मतें यास उपाय एकच: अर्थांची यादी घोकूं नये, क्रियापदाची सोबत पाहावी. सोबत कोटाची किंवा टोपीची असेल, तर काढणें. दिवसाची असेल, तर रजा. विमानच कर्ता असून कर्म मुळींच नसेल, तर उड्डाण. आणखी एक खूण ध्यानांत ठेवावी. 'तें काढ' म्हणावयाचें असतां सर्वनाम मध्यें येतें: 'टेक् इट् ऑफ्'. स्पॅनिशांत आज्ञा करतांना सर्वनाम क्रियापदाच्या शेवटीं चिकटतें; म्हणूनच तेथील विद्यार्थी 'टेक् ऑफ् इट्' असें म्हणून फसतो.

इंग्रजीच्या या लहरीस हंसण्यापूर्वीं आपल्या 'लागणें' या क्रियापदाकडे पाहावें. भूक लागते, ठेंच लागते, झाडाला आंबे लागतात, मूल रडूं लागतें आणि दुपारीं आजोबांचा डोळाही लागतो. यांची यादी आपणांपैकीं कोणीं पाठ केली होती? भूक आली, तिच्याबरोबर शब्दही आला. परभाषेचें क्रियापदही असेंच, प्रसंगाचें बोट धरून आलें, म्हणजे घरांत टिकतें.