ओठ शिवला, टाळूचे काय?

विचार न करता बोलणाऱ्याला 'उचलली जीभ लावली टाळ्याला' असे आपण सहज म्हणून जातो. पण बोलायला नुसती जीभ पुरत नाही, तिला टेकायला धड टाळाही लागतो. काही बाळांचा हा टाळा, म्हणजे तोंडाचे छत, जन्मतःच मधोमध उघडा असतो. (आजी तेल घालून भरते ती डोक्यावरची टाळू वेगळी.)

भारतात ढोबळमानाने दर सातशे ते हजार बाळांमागे एक बाळ दुभंगलेला ओठ, दुभंगलेली टाळू किंवा दोन्ही घेऊन जन्मते. ओठ सर्वांनाच दिसतो. टाळू मात्र तोंड उघडून, टॉर्चच्या उजेडात पडजिभेपर्यंत पाहिल्याशिवाय दिसत नाही. कधी वरची त्वचा अखंड असते आणि आतले स्नायूच तेवढे जुळलेले नसतात. अशा वेळी दुभंगलेली पडजीभ किंवा नाकावाटे येणारे दूध एवढीच खूण असते.

हे होते कशाने?

गर्भ सहा-सात आठवड्यांचा असताना वरच्या जबड्यातून दोन पडदे जिभेच्या दोन्ही बाजूंनी वाढू लागतात. पुढे जीभ खाली सरकते, पडदे आडवे होतात आणि बाराव्या आठवड्यापर्यंत मधोमध सांधले जातात. हा सांधा राहिला की टाळू उघडी राहते. काम सुरू होते तेव्हा कित्येकींना दिवस गेल्याची खात्रीही पटलेली नसते.

म्हणूनच ग्रहणात सुनेने भाजी चिरली म्हणून बाळ असे झाले, हा ठपका अगदी खोटा आहे. ग्रहणाचा याच्याशी काहीही संबंध नाही. आनुवंशिकतेचा मात्र आहे. आयआरएफ-६ या जनुकातील दोषामुळे ओठ-टाळू दुभंगण्याचा एक आनुवंशिक विकार होतो, हे 2002 मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. गरोदरपणातील धूम्रपान, मद्यपान आणि फेफऱ्यावरील काही औषधे यांनीही धोका वाढतो. फेफऱ्याचा त्रास असणाऱ्या स्त्रीने औषध आपल्या मनाने बंद करू नये. मूल हवे असे ठरवतानाच डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

दूध, कान आणि बोल

अशा बाळाला तोंडात पोकळी धरून दूध ओढता येत नाही. ते थकते आणि वजन वाढत नाही. आईचे दूध काढून, बाळाला उभट धरून, उकळून घेतलेल्या वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने थोडे थोडे पाजावे. मध्ये मध्ये ढेकर काढावी.

टाळूचेच स्नायू घशातून कानाकडे जाणारी नळी उघडतात. ते नीट जुळलेले नसले की कानाच्या पडद्यामागे पाणी साचते आणि ऐकू कमी येते. म्हणून कानांची तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते.

सर्वांत मोठी अडचण बोलण्याची. प, ब, क, ग, स यांसारख्या वर्णांना तोंडात हवा कोंडावी लागते. टाळू उघडी असली की ती नाकावाटे निसटते. मूल 'बाबा' म्हणायला जाते आणि ऐकू येते 'मामा'. लोक हसतात, मूल गप्प होते आणि शाळेत मागे बसू लागते.

शस्त्रक्रिया केव्हा?

ओठाची शस्त्रक्रिया बहुधा तीन ते सहा महिन्यांच्या वयात होते. चेहरा सुंदर दिसू लागतो. इथेच घात होतो. बाळ 'बरे झाले' असे समजून काही कुटुंबे टाळूसाठी परत येतच नाहीत.

टाळूची शस्त्रक्रिया नेमकी केव्हा करावी, यावर सर्जनांत बरीच वर्षे मतभेद होते. युरोप आणि दक्षिण अमेरिकेतील 23 केंद्रांत 558 बाळांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. फक्त टाळू दुभंगलेल्या बाळांपैकी काहींची शस्त्रक्रिया सहाव्या महिन्यात, तर काहींची बाराव्या महिन्यात झाली. पाचव्या वर्षी तपासले तेव्हा बोलताना टाळू पुरेशी बंद न होण्याचे प्रमाण लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांत 8.9 टक्के, तर उशिरा झालेल्यांत 15 टक्के होते.

मात्र ही बाळे एरवी सुदृढ होती. ओठही दुभंगलेली बाळे या अभ्यासात नव्हती. वजन कमी असेल, रक्त कमी असेल, तर घाई धोक्याची ठरते. तारीख सर्जन आणि भूलतज्ज्ञांनीच ठरवावी. आपल्याकडे अनेक ठिकाणी नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान ही शस्त्रक्रिया होते. त्यानंतर वाचा-उपचारही घ्यावे लागतात, आणि त्यांत खंड पडता कामा नये.

दातांचा डॉक्टर कशाला?

फट हिरडीतून जात असेल तर तिथला दात उगवतच नाही किंवा वाकडा येतो. सुळा येण्यापूर्वी, साधारण आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान, कमरेच्या हाडाचा थोडा चुरा त्या फटीत भरतात. येणाऱ्या दाताला त्यामुळे आधार मिळतो. पुढे तारा लावून दात ओळीत आणतात. म्हणजे सर्जन, दंतवैद्य, कानाचे डॉक्टर आणि वाचा-उपचारतज्ज्ञ यांची ही अनेक वर्षांची सामायिक जबाबदारी आहे.

खर्चाची धास्ती घेऊन घरी बसू नये. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या दोषाचा समावेश आहे. त्याची चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी. काही सेवाभावी संस्थांच्या मदतीने अनेक रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफतही होते.

घरात बाळ जन्मले की वजन किती, कोणावर गेले, हे सगळे विचारतात. त्याच वेळी डॉक्टरांना आणखी एक प्रश्न विचारावा: "बाळाची टाळू पाहिलीत का?"