पगार कोणाच्या खिशातून?

अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा महाविद्यालयांना दिवाळीची सुट्टी लागलेली असेल. कायम प्राध्यापकाचा पगार सुट्टीतही चालू राहतो. तासिका तत्त्वावरच्याचा थांबतो, कारण तास नाही तर मानधन नाही. आधी घेतलेल्या तासांचे बिल प्राचार्यांच्या सहीने सहसंचालक कार्यालयात जाते, एखादी त्रुटी निघाली की परत येते, पुन्हा जाते. नेट-सेट, पीएच.डी. झालेला माणूस ऐन सणात त्या बिलाची चौकशी करत असतो.

कॉलेजे कुणाच्या पैशावर चालतात, हा यंदाच्या परिसंवादाचा विषय. फी आणि अनुदान ही उत्तरे पटकन सुचतात. आमच्या मते तिसरा देणगीदार शिक्षकच आहे, आणि तो आजचा नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटी 1884 साली स्थापन झाली, पुढच्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज उघडले. संस्थानिकांनी देणग्या दिल्या हे खरे. पण रोजचा गाडा चालला तो महिना 75 रुपयांवर वीस वर्षे शिकवण्याची शपथ घेतलेल्या आजीव सभासदांमुळे. गोखल्यांनी ती पुरी केली. टिळक 1890 मध्ये बाहेर पडले, त्या भांडणाच्या मुळाशीही हाच प्रश्न होता: सभासदाने बाहेर कमाई करावी की नाही? त्यागाचाही हिशेब मागावा लागतो, हे टिळकांना तेव्हाच कळले होते. तरी तो त्याग स्वतःहून पत्करलेला होता. आजच्या तासिकावाल्याला कुणी शपथ घालत नाही. पद भरले जात नाही, एवढेच.

1983 मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले. कर्नाटकात पैसे मोजून जाणारी मुले इथे शिकू लागली, गावोगाव इमारती उभ्या राहिल्या. मात्र कागदावर पूर्ण वेतन आणि हातात त्याहून बरेच कमी, ही शिक्षकांची तक्रारही तेव्हापासूनची. 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क सरकारने उचलले. निर्णय चांगलाच. फक्त प्रतिपूर्तीची रक्कम रखडली की संस्थाचालक आधी वीजबिल भरतात, बँकेचा हप्ता भरतात आणि पगाराला ‘सरकारकडून आले की देऊ’ म्हणतात.

या अंकातही शिक्षणसंस्थांच्या जाहिराती आहेत. त्या नसत्या तर अंक या किमतीत देता आला नसता. त्यांत वसतिगृह आहे, वातानुकूलित ग्रंथालय आहे, प्लेसमेंटचे आकडे आहेत. कायम शिक्षक किती, हे एकीनेही छापलेले नाही. पुढच्या वर्षी जाहिरात घेताना आम्ही ते विचारणार आहोत. आकडा छापायला तयार असेल, त्या संस्थेला दरात सवलत.