झुडपांची बाजू

आपल्या भाषेने झुडपावर थोडा अन्यायच केला आहे. वृक्षाला तिने मान दिला, वेलीला माया दिली, तुळशीला तर वृंदावन बांधून दिले. झुडूप मात्र 'झाडझुडूप' या जोडशब्दात मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्यासारखे कोंबून ठेवले. भाषेचा मास्तर म्हणून मला हे खटकते आणि सोलापूरकर म्हणून अधिकच खटकते. आमच्याकडे पाऊस येतो तो चार महिन्यांत, तोही लहर लागेल तसा. अशा मुलखात बाग करायची तर ती झुडपांचीच, असे माझे ठाम मत आहे. वाचकहो, निदान ऐकून तर घ्या!

बाग म्हटली की आपल्या मंडळींच्या डोळ्यांपुढे हिरवळ उभी राहते. विलायतेत आभाळच बारमाही माळ्याचे काम करते, म्हणून तिथे ती शोभते. इथे तिच्यासाठी टँकर मागवावा लागतो. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी न्यावे लागले. त्याच उन्हाळ्यात आमच्या गृहरचना संस्थेची बोअर आटली, तरी संध्याकाळी हिरवळीवर नळी सुरूच. आमच्या सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, "गवताला पाजून झालं, आता पिंपात काय भरू?" मे महिन्यात ती हिरवळ काथ्याच्या पायपुसण्यासारखी झाली. कुंपणापलीकडच्या मुरमात, कुणी थेंबभर पाणी न घातलेला तरवड मात्र हिरवागार उभा होता आणि वर दोनचार पिवळे तुरे मिरवत होता.

हा तरवड तुम्ही पाहिलेला असतो, ओळखलेला नसतो. नवरात्रात घटावर त्याच्या फुलांची माळ चढते. आमच्या शहरातल्या तेलुगू भगिनी बतुकम्मा रचतात, त्यांतही तो असतो; ते त्याला तंगेडू म्हणतात आणि तेलंगणाने तर त्याला राज्यफुलाचा मान दिला आहे. त्याच्या सालीने पिढ्यान्‌पिढ्या कातडी कमावली गेली. आता माझ्या वर्गातल्या मुलांना बोगनवेल ठाऊक असते, तरवड विचारला की ती एकमेकांकडे बघतात. बोगनवेलीशी माझे वैर नाही. ती ब्राझीलची असूनही पाण्यासाठी कधी हट्ट धरीत नाही. पण घरचा माणूस दारात उभा असताना त्याचे नावही ठाऊक नसावे, हे काही बरे नव्हे.

दुसरी निर्गुडी. दहाबारा फूट सहज वाढते, निळसर जांभळे तुरे येतात आणि पानांच्या उग्र वासामुळे शेळ्या तिच्या वाटेस फारशा जात नाहीत. धान्याला कीड लागू नये म्हणून आपल्या आज्या तिचा पाला कणगीत घालीत. वातावर तिचा शेक तर घरोघरचा. गंमत अशी, की शास्त्रज्ञांनी तिला दिलेल्या नावातले 'नेगुंडो' हे आपल्या निर्गुंडीचेच परदेशी रूप. आणि पाने तिच्यासारखी दिसतात म्हणून अमेरिकेतल्या एका मेपल वृक्षालाही लिनियसने तेच नाव दिले. आपला शब्द तिकडे जाऊन वृक्ष झाला, इकडे झुडूपच राहिला.

अडुळशाबद्दल काय सांगावे! खोकल्याच्या औषधांतले ब्रोमहेक्सिन हे त्याच्या पानांतल्या वासिसीन या द्रव्यावरून घडवलेले आहे. (मात्र गर्भवतींनी अडुळशाचा काढा मनाने घेऊ नये.) जबडा उघडलेल्या सिंहासारखी त्याची पांढरी फुले, त्यावरूनच संस्कृतात 'सिंहास्य'. करवंदीचे काटेरी कुंपण गुरे-कुत्री दोघांनाही पुरून उरते, फक्त ती सावकाश वाढते. मुरडशेंग बाळगुटीमुळे सर्वांना माहीत. तिची लाल फुले जुनी होता होता निळसर राखी होतात आणि शिंजीर त्यांच्याभोवती दिवसभर भिरभिरतात.

आमच्या संस्थेने कुंपणालगतची पट्टी मला दिली, ती पुष्कळ वादावादीनंतर. सचिव म्हणाले, "सर, या रानात साप येतील." मी म्हटले, "साप उंदरांमागे येतो आणि उंदीर तुमच्या उघड्या कचऱ्यामागे." गेल्या सर्वसाधारण सभेत ही झुडपे तोडून शोभेची रोपे लावण्याचा ठराव आला. तो एका मताने पडला. ते मत देणाऱ्या आजी सभेला आल्या होत्या त्या केवळ चहासाठी, पण त्यांच्या नातवाच्या खोकल्याला आमचा अडुळसा गेला होता. पुढच्या सभेचे काय, ते कोण सांगणार?

लावायची रीत सोपी आहे. पहिला चांगला पाऊस झाला की दोन फुटांचा खड्डा. दोन झुडपांत सहा ते आठ फूट अंतर. लोक इथेच कंजुषी करतात आणि मग दरमहा कात्री चालवीत बसतात. काळ्या जमिनीत पाणी तुंबते, तिथे तरवडासाठी मातीत मुरूम मिसळून थोडा उंचवटा करावा. निर्गुडी आणि अडुळसा बोटभर जाडीच्या, वीतभर लांबीच्या फांदीपासून पावसाळ्यात लागतात. करवंदाचे बी ताज्या फळातलेच हवे, जुने उगवत नाही. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली, सारी बुंध्याशी, एकदाच. रोज तांब्याभर शिंपडले तर मुळे वरच्या वर राहतात. दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरवड्याला. आळ्यात पालापाचोळा भरपूर घालावा, तो जाळू नये. तिसऱ्या वर्षापासून बादली घरातच ठेवावी.

तरवडाचे रोप मात्र उपटून आणू नका. त्याचे सोटमूळ खोल जाते आणि तुटले की रोप बसते. दिवाळीनंतर बार्शीच्या किंवा पुण्याच्या रस्त्याने गेलात तर कडेला त्याच्या चपट्या, तपकिरी शेंगा वाळलेल्या दिसतील. ओंजळभर आणा, बी काढून डब्यात ठेवा. जूनमध्ये गरम पाण्यात रात्रभर भिजवून पेरा, शक्यतो जिथे झुडूप हवे तिथेच.