कॅन्सरला जात नसते म्हणे!

मागच्या पावसाळ्यात वस्तीतल्या एका मावशींना घेऊन मी मोठ्या रुग्णालयात गेले होते. केसपेपरच्या खिडकीवर धर्म विचारला. मावशी ठणकावून म्हणाल्या, "बौद्ध." कागद हातात आला, त्यावर लिहिलेलं 'हिंदू'. दुरुस्ती मागितली तर उत्तर आलं, "ताई, कॅन्सरला कुठे जात-धर्म असतो?" मागून रांग ओरडत होती. मावशींना गर्भाशयमुखाचा कॅन्सर. अंगावरून जायला लागून आठ महिने झाले होते. आठ महिने का, तर धुण्याभांड्याची चार घरं सुटतील म्हणून.

त्या कारकुनाचं सोडा. हेच वाक्य मी चांगल्या शिकलेल्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं आहे, म्हणून हा लेख.

देशातल्या कॅन्सर संस्थांनी एकत्र यावं यासाठी २०१२ मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड उभी राहिली. परळच्या टाटा मेमोरियलचा त्यात पुढाकार. आज तीनशेहून अधिक केंद्रं तिच्यात आहेत. रुग्ण कुठलाही असो, उपचार एकाच दर्जाचे मिळावेत, हा उद्देश. काम खोटं नाही. २३ केंद्रांनी मिळून ४० औषधांची एकत्र खरेदी केली, कंपन्यांना भाव पाडायला लावले आणि सुमारे १३२० कोटी रुपये वाचवले. याची टिंगल मी करणार नाही. आपल्या घरातली माणसं त्याच औषधांवर जगतात. पण हे जमलं कशामुळे? कोणत्या केंद्राला कोणतं औषध किती लागतं, त्याची बेरीज केली म्हणून. औषधाच्या कुप्या मोजता, मग ते औषध कोणापर्यंत पोचलं हे का मोजत नाही?

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचे अहवाल उघडून बघा. वय आहे, लिंग आहे, अवयव आहे, शहर-जिल्हा आहे. अनुसूचित जाती-जमातींचा तक्ता शोधून दाखवा. मुंबईच्या स्त्रियांमधला स्तनाचा कॅन्सर आणि धर्म यांचा अभ्यास १९७७ सालीच छापून आला होता. पारशी स्त्रियांत तो जास्त, हे तेव्हापासून सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे समाज मोजायचं वावडं नाही. जात आली की लेखणी अडते.

आपली शरीरं मात्र मोजली गेली. जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आजच्या धाराशिवमध्ये, १९९९ पासून टाटा मेमोरियल, बार्शीचं कॅन्सर रुग्णालय आणि परदेशी संस्थांनी मिळून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा प्रयोग केला. खेड्यांतल्या १,३१,७४६ बाया, चार गट. एका गटाची एचपीव्ही चाचणी झाली. दुसऱ्या एका गटातल्या ३१ हजारांवर बायांची तपासणीच नव्हती. तो 'तुलनेचा गट'. २००९ मध्ये निष्कर्ष आला: चाचणीच्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू, तुलनेच्या गटात ६४. संशोधक म्हणाले, भारतात तेव्हा तपासणीची सरकारी सोयच नव्हती, त्यामुळे आम्ही कोणाचं काही काढून घेतलं नाही. पण सोय का नव्हती? तपासणीने जीव वाचतो हे श्रीमंत देशांना दशकांपासून माहीत होतं. या प्रकारच्या प्रयोगांवर पुढे नैतिकतेचा वाद झाला, तो रास्तच होता.

बरं, ज्ञान तरी कामी आलं का? त्या निष्कर्षाला दहा वर्षं उलटल्यावर झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) तीस ते एकोणपन्नास वयाच्या फक्त १.९ टक्के स्त्रियांनी ही तपासणी कधीतरी झाल्याचं सांगितलं. धाराशिवच्या बायांनी जे सिद्ध करून दिलं, ते जगभरच्या डॉक्टरांच्या पुस्तकात गेलं, गावच्या उपकेंद्रात आलं नाही.

अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने सरकारी पैशांवरच्या वैद्यकीय प्रयोगांत स्त्रिया आणि अल्पसंख्य वंशगट घेणं बंधनकारक झालं. तिथे रुग्णाचा वंश नोंदतात. म्हणून कळतं की काळ्या स्त्रियांना स्तनाचा कॅन्सर गोऱ्या स्त्रियांपेक्षा थोडा कमी होतो, पण त्याने मरण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आहे. अमेरिका काही स्वर्ग नाही, मोजूनही ती दरी बुजलेली नाही. पण 'आमच्याकडे सगळे सारखेच' म्हणून तिथल्या केंद्राला हात झटकता येत नाहीत.

आपल्यातलेच काही म्हणतील, केसपेपरवर जात आली तर वॉर्डात वागणूक बदलेल. ही भीती खरी आहे, मी ती वागणूक पाहिली आहे. म्हणून जात केसपेपरवर नको. नाव काढलेल्या, सांकेतिक नोंदीत हवी आणि रुग्णाच्या संमतीनेच हवी. कुटुंब आरोग्य सर्वेक्षण प्रत्येक फेरीत जात विचारतं, कोणावर आभाळ कोसळलं नाही. बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साऊथबरो समितीपुढे साक्ष दिली, तीही लोकसंख्येचे आकडे हातात घेऊन.

ग्रिडकडे आणि नोंदणी कार्यक्रमाकडे माहिती अधिकारात तीन गोष्टी मागायच्या आहेत: पहिल्या लक्षणापासून उपचार सुरू होईपर्यंत गेलेले दिवस, मध्येच उपचार सोडणाऱ्यांची संख्या आणि औषधांच्या प्रयोगांत घेतलेले रुग्ण. तिन्ही सामाजिक प्रवर्गानुसार. 'अशी माहिती ठेवली जात नाही' एवढं उत्तर आलं तरी ते लेखी हवं. मसुदा तयार आहे. आपल्या जिल्ह्यातल्या कॅन्सर रुग्णालयासाठी कोण अर्ज टाकणार ते कळवा. मावशींची तिसरी केमो येत्या मंगळवारी आहे, त्या दिवशी मी फोन उचलणार नाही.

जय भीम.