कळतं, पण थांबता येत नाही

'बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर ओरडतो.' 'रांगेत धीर धरत नाही.' 'दुसऱ्यांच्या बोलण्यात तोंड घालतो.' शाळेच्या डायरीतले हे लाल शाईचे शेरे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या निदानग्रंथातही (२०१३) जवळपास असेच सापडतात. 'एडीएचडी' या अवधान-अभाव आणि अतिचंचलतेच्या विकाराची तिथे १८ लक्षणं आहेत. निम्मी अवधानाची, निम्मी अतिचंचलतेची आणि उतावळेपणाची. त्यात निव्वळ उतावळेपणाची जेमतेम तीन. पण बाकावर उभं राहायची वेळ येते ती बहुधा त्या तिन्हींपायी. खिडकीबाहेर बघत हरवलेली मुलगी कुणाला त्रास देत नाही, म्हणून तिच्या डायरीत शेराही नसतो आणि तिला डॉक्टरकडेही कुणी नेत नाही.

लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये अशा काही मुलांचं वर्णन केलं. बुद्धीत कमी नाहीत, तरी स्वतःला आवरता येत नाही. त्यांनी याला नैतिक नियंत्रणातला दोष म्हटलं. वैद्यकाने ती भाषा केव्हाच टाकली. पालकसभेत मात्र ती 'घरी वळण नाही का?' या प्रश्नातून अजून ऐकू येते.

मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांनी १९९७ मध्ये मांडलं की, या विकाराचं मूळ थांबण्याच्या क्षमतेत आहे. प्रयोगशाळेत हे मोजताही येतं. पडद्यावर खूण दिसली की बटण दाबायचं, पण मध्येच आवाज आला तर हात आवरायचा. एडीएचडी असलेल्या मुलांना हात आवरायला सरासरीने जास्त वेळ लागतो. नियम त्यांना पाठ असतो, पण नेमक्या त्या क्षणी तो कामी येत नाही. म्हणून तासाभराने 'असं का केलंस?' विचारलं, की मूल गप्प उभं राहतं. त्याच्याकडे खरोखरच उत्तर नसतं आणि आपण त्याला कोडगा ठरवून मोकळे होतो.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी २००७ मध्ये मेंदूच्या चित्रणांतून दाखवलं, की या मुलांच्या मेंदूचं बाह्यावरण सरासरी तीन वर्षं उशिरा परिपक्व होतं. उशीर सर्वांत जास्त दिसतो तो पुढच्या भागात, जिथून आवरण्याचं काम चालतं. संध्याकाळच्या प्रवचनाने हा उशीर कसा भरून निघणार?

अर्थात प्रत्येक आगाऊ पोराला हे नाव चिकटवायचं नाही. लक्षणं किमान सहा महिने, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी आणि बाराव्या वर्षाआधीपासून दिसायला हवीत. एकाच सरांच्या तासाला दंगा होत असेल, तर आधी तो तास तपासावा. अपुरी झोप आणि घरातला ताण यांनीही मूल उतावीळ होतं.

आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. अध्ययन अक्षमता त्यात आहे, एडीएचडी नावानिशी नाही. त्यामुळे पुष्कळसं वर्गशिक्षकांच्या समजुतीवर सोडलेलं आहे, आणि साठ मुलांच्या वर्गात ती समजूत टिकवणं सोपं नाही, हे मान्य.

तरी बाईंना आणि सरांना विनंती: या मुलाला पुढच्या बाकावर बसवा, एका वेळी एकच सूचना द्या, हात वर करून थांबला तर त्याच क्षणी शाबासकी द्या. आणि शिक्षा म्हणून त्याचा खेळाचा तास तेवढा कापू नका.