तोरखमचे दार बंद, भांडण मात्र उघडेच

ऑक्टोबर २०२५ मध्ये पाकिस्तानात टोमॅटो किलोला सहाशे रुपयांपर्यंत गेले. त्याच दिवसांत सरहद्दीच्या पलीकडे, कंधहारच्या बाजूला, डाळिंब आणि द्राक्षांनी भरलेले ट्रक रांगेत उभे राहून सडत होते. दोन्हीकडे मुसलमान, दोन्हीकडे पठाण, दोन्हीकडे त्याच पाच वेळच्या अजाना. मग हे झाले कसे?

आपल्याकडे या प्रश्नावर दोनच प्रकारचे मेसेज फिरतात. एक, 'पाकिस्तानला आपल्या कर्माची फळे मिळाली'. दुसरा, 'ही सगळी बाहेरच्यांची साजिश, उम्मतला लढवायचे काम'. दोन्ही वाचायला सोपे आहेत आणि दोन्हींतून फारसे काही कळत नाही.

भांडण जुने आहे. १२ नोव्हेंबर १८९३ रोजी इंग्रजांचा अधिकारी मॉर्टिमर ड्युरँड आणि काबूलचे अमीर अब्दुर रहमान खान यांच्यात करार झाला, नकाशावर रेघ ओढली गेली. सुमारे २,६०० किलोमीटरची ही रेघ पख्तूनांच्या आणि बलुचांच्या मुलखातून गेली. कुणाचे घर इकडे, शेत तिकडे. कुणाची बहीण तिकडे दिलेली. पाकिस्तान झाले तेव्हा ही रेघ त्याच्या वाट्याला आली. सप्टेंबर १९४७ मध्ये पाकिस्तानला संयुक्त राष्ट्रांत घ्यायला विरोध करणारा एकच देश होता, अफगाणिस्तान. नंतर त्याने तो विरोध मागे घेतला, पण रेघ मात्र काबूलच्या कुठल्याही सरकारने मनापासून मानली नाही. जाहिरशहाचे राज्य असो, कम्युनिस्ट असोत, हमीद करझाई असोत की आजचे तालिबान, या एका बाबतीत सगळ्यांचा सूर सारखाच.

इस्लामाबादचा हिशेब असा होता की काबुलात आपल्या मर्जीतले सरकार असले की हा प्रश्न आपोआप मिटेल. १५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबान काबुलात शिरले. काही दिवसांतच पाकिस्तानच्या गुप्तचर खात्याचे तेव्हाचे प्रमुख फैज हमीद काबूलच्या हॉटेलात चहाचा कप हातात घेऊन पत्रकारांना सांगत होते की काळजी नको, सगळे ठीक होईल. तो फोटो जगभर गाजला. त्याच हमीद साहेबांना डिसेंबर २०२५ मध्ये त्यांच्याच देशाच्या लष्करी न्यायालयाने चौदा वर्षांची शिक्षा ठोठावली. ते प्रकरण वेगळे, पण चहाचा तो कप किती महाग पडला हे पाकिस्तानात आज कुणालाही विचारा.

महाग पडला तो तहरीक-ए-तालिबान पाकिस्तान म्हणजे टीटीपीमुळे. २००७ मध्ये बनलेल्या या संघटनेच्या माणसांनीच १६ डिसेंबर २०१४ रोजी पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलमध्ये शिरून १४० पेक्षा जास्त जीव घेतले, त्यात बहुतेक शाळकरी मुले. लष्कराची कारवाई जोरात सुरू झाल्यावर ही मंडळी डोंगर ओलांडून अफगाणिस्तानात गेली. काबुलात तालिबान आल्यावर त्यांना बळ आले. वाटाघाटी झाल्या, जुलै २०२२ मध्ये मुफ्ती तकी उस्मानी यांच्यासह पाकिस्तानी उलेमांचे शिष्टमंडळ समजूत घालायला काबूलला जाऊन आले. उपयोग झाला नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये टीटीपीने युद्धबंदी मोडली आणि ३० जानेवारी २०२३ रोजी पेशावरच्या पोलीस लाइनमधल्या मशिदीत जोहरच्या नमाजच्या वेळी स्फोट झाला. ऐंशीच्या वर माणसे गेली. मशिदीत, नमाज पढताना.

म्हणजे पाकिस्तानची तक्रार खोटी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालातही टीटीपीचे सहा ते साडेसहा हजार लढवय्ये अफगाणिस्तानात असल्याचे म्हटले होते.

मग काबूल त्यांना हाकलत का नाही? वर वर उत्तर ठरलेले: आमच्या जमिनीवर असे कुणी नाही, हा पाकिस्तानचा घरचा मामला आहे. आतले उत्तर वेगळे आहे. वीस वर्षे अमेरिकेशी लढताना हे लोक त्यांच्या खांद्याला खांदा लावून होते. त्यांच्यावर बंदूक उगारली तर आपलीच पोरे बिथरतील, आणि बिथरलेले थेट दाएशच्या खुरासान गटात जातील, ही तालिबानची खरी धास्ती. पाहुण्याला शत्रूच्या हवाली न करण्याचा पख्तूनी रिवाजही आडवा येतोच. यात गंमत म्हणा की शोकांतिका, पाकिस्तान सरकार टीटीपीला अधिकृतपणे 'फितना अल-खवारिज' म्हणते आणि तालिबान दाएशला खवारिज म्हणतात. २०१८ मध्ये पाकिस्तानात अठराशेहून अधिक उलेमांनी आत्मघाती हल्ले हराम ठरवणारा फतवा दिला. डिसेंबर २०२५ मध्ये काबुलात जमलेल्या उलेमांनीही अफगाण भूमी दुसऱ्या देशाविरुद्ध वापरू नये असे जाहीर केले. कागदावर दोन्हीकडचे उलेमा एकच बोलत आहेत. पण सरहद्दीवर फतवा चालत नाही.

९ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री काबुलात स्फोट झाले, तालिबानने पाकिस्तानकडे बोट दाखवले. नेमके त्याच वेळी त्यांचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्तकी भारतात होते. दिल्ली झाली, देवबंदही झाले. ११ तारखेच्या रात्री सरहद्दीवर तोफा धडाडल्या. पाकिस्तानने आपले २३ जवान गेल्याचे मान्य केले आणि दोनशेहून जास्त मारल्याचा दावा केला. तालिबान म्हणाले, आम्ही ५८ मारले. यातला खरा आकडा कुणाचा ते सोडा. संयुक्त राष्ट्रांच्या काबूलमधील कार्यालयाने त्या आठवड्यात अफगाण बाजूला ३७ सामान्य नागरिक ठार आणि ४२५ जखमी झाल्याचे सांगितले. पक्तिकात तीन तरुण क्रिकेटपटू मारले गेल्याचे अफगाण क्रिकेट बोर्डाने जाहीर केले आणि पाकिस्तानातल्या तिरंगी मालिकेतून अंग काढून घेतले. कतार आणि तुर्कस्तानच्या मध्यस्थीने १९ ऑक्टोबरला दोह्यात युद्धबंदी ठरली. पुढे इस्तंबूलच्या बैठका फिसकटल्या.

माझ्या मते पाकिस्तानची सगळ्यात मोठी चूक बॉम्बमध्ये नाही, दारात आहे. टीटीपीचा माणूस तोरखमच्या फाटकावर पासपोर्ट दाखवून येत नाही, तो डोंगरातून येतो. फाटक बंद केले की अडकतो तो ट्रकवाला, पेशावरच्या इस्पितळात आईला दाखवायला आणणारा मुलगा, रोजंदारीवर माल वाहणारा हमाल. चमनमध्ये हे आधीच घडले होते. तिथले हजारो लोक रोज ओळखपत्र दाखवून पलीकडे स्पिन बोल्दकला कामाला जात आणि संध्याकाळी घरी येत. नोव्हेंबर २०२३ पासून पासपोर्ट-व्हिसा सक्तीचा झाला. लोकांनी कितीतरी महिने रस्त्यावर धरणे धरले. ज्यांची चूल त्या फाटकावर पेटायची, त्यांच्यापैकी कोणीही अतिरेकी नव्हते. पण अशा घरांतल्या रिकाम्या पोरांना उद्या कोण भेटेल, याचा विचार इस्लामाबादमध्ये कुणी केल्याचे दिसत नाही. २०१७ पासून तारेचे कुंपण घातले, ते जवळपास पूर्ण झाले, आणि हल्ले त्यानंतरच वाढले.

दुसरे हत्यार निर्वासितांचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये कागदपत्रे नसलेल्या अफगाणांना निघून जायचा हुकूम निघाला, पुढे कार्डधारकांवरही पाळी आली. यातले कितीतरी पाकिस्तानातच जन्मले, उर्दू बोलतात, काबूल त्यांनी पाहिलेले नाही. २०२५ या एका वर्षात इराण आणि पाकिस्तान मिळून वीस लाखांहून अधिक अफगाण परत गेले. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला कुनारच्या भूकंपात दोन हजारांवर माणसे गेली. आणि परतणाऱ्या मुलींना तिथे सहावीच्या पुढे शाळा नाही, हेही सांगायलाच हवे. काबूलची बाजू घेताना आपल्यातले काही भाऊ ही गोष्ट हळूच गाळतात.

काबूलही आता वाट बदलते आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुल्ला बरादर यांनी व्यापाऱ्यांना सांगितले की पाकिस्तानवर अवलंबून राहू नका, औषधेही दुसरीकडून आणा. त्यासाठी तीन महिन्यांची मुदत दिली. इराणचे चाबहार बंदर, मध्य आशियाचे रस्ते, भारताची विमाने यांच्याकडे डोळे लागले. पण समुद्र नसलेल्या देशाला कराचीइतके जवळचे बंदर दुसरे नाही, वाहतुकीचा खर्च शेवटी गोळीच्या किमतीवर चढतो.

आपला संबंध? आपल्या आमटीतल्या हिंगाचा कच्चा माल बराचसा अफगाणिस्तानातूनच येतो. रमजानच्या आधी मुंबईच्या बाजारात अंजीर-मनुक्याचा भाव विचारा, दुकानदार अटारी आणि चाबहारची नावे घेईल.

करता येण्यासारखे एकच काम मला दिसते आणि ते मोठे नाही. फाटक आणि बंदूक यांचा हिशेब वेगळा ठेवा. हल्ला झाला तर त्याची चौकशी कतार-तुर्कस्तानच्या देखरेखीखाली करा. दोह्यात आणि इस्तंबूलमध्ये अशा यंत्रणेची भाषा झाली होती. टीटीपीची माणसे सरहद्दीपासून दूर हलवायचा विषय काबूलने पुन्हा टेबलावर आणावा. तोवर औषधाचा ट्रक, आजारी माणूस आणि डाळिंबाची गाडी रोज ठरल्या वेळी सुटली पाहिजे, मग त्या दिवशी गोळीबार झालेला असो वा नसो.